जुने करारनामे मोबाईलवर स्कॅन करतेय, शिक्के गायब होतायत. काय चुकतंय?

नौपाडा_ताई

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ठाण्यात नौपाड्यात, २४ घरं, १९८४ ची बिल्डिंग. बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर, कधी करून दिलंच नाही, म्हणून आता मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, बिल्डरशिवाय सरकारकडून ते करून घेणं) अर्ज करतोय आणि त्यासाठी प्रत्येक सभासदाचा करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), स्टॅम्प ड्युटीच्या पावत्या असं सगळं गोळा करून पीडीएफ करायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलंय. बाहेर द्यायचं म्हटलं तर झेरॉक्सवाल्याकडे मूळ कागद ठेवून यायला लागतात आणि त्याला कोणी सभासद तयार नाही, बरोबरच आहे त्यांचं, एकेकाची आयुष्यभराची कमाई आहे ती. म्हणून रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन तिथेच बसून मोबाईलवर स्कॅन करते आणि कागद त्यांच्या हातात परत देऊन येते.

११ घरं झाली. अ‍ॅपने इतके छान पांढरेशुभ्र स्कॅन दिले की मला वाटलं वा, झेरॉक्सपेक्षा भारी. ते आमच्या वकिलांना पाठवले तर त्यांनी ९ घरांचे परत पाठवलेत. म्हणाले मुद्रांक दिसत नाही, नोंदणीचा शिक्का दिसत नाही, हे असं दाखल केलं तर त्रुटी निघणार. मी मूळ कागद परत जाऊन बघितला, त्याच्यावर जांभळा शिक्का आहे, फिकट आहे पण नीट वाचता येतो. स्कॅनमधे तिथे नुसतं पांढरं!!! आता त्या नऊ जणांकडे परत जायचंय, त्यातले दोघं ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना कपाटातून परत कागद काढायला लावायचे याचं मला फार वाईट वाटतंय. या वेळी एकदाच नीट व्हायला पाहिजे. काय काय काळजी घेऊ सांगा.

सानपाडा_स्टेशन

ताई तुमचा फोन पण चांगला आहे आणि अ‍ॅप पण, घोळ फिल्टरचा आहे. स्कॅनिंग अ‍ॅप पान ओळखलं की चार कोपरे धरून ते सरळ करतं आणि मग स्वतःहूनच फिल्टर लावतं. ब्लॅक अँड व्हाईट मधे काय होतं तर प्रत्येक ठिपक्याबद्दल ठरवलं जातं की हा काळा का पांढरा, मधलं काही नाही. टाईप केलेलं अक्षर गडद म्हणून काळं राहतं, फिकट जांभळा शिक्का, फ्रँकिंगचा (मशीनने मारलेल्या मुद्रांकाचा) लाल ठसा, पेन्सिलचा शेरा हे सगळं कागदाच्या रंगाच्या जवळ जातं म्हणून पांढऱ्यात जमा होतं. ऑटो कलर मधे पण सावली आणि पिवळेपणा काढायच्या नादात फिकट शाई उडते. 

एक गोष्ट आधी बघा, ज्या अ‍ॅपमधे स्कॅन केलेत तिथे ते अजून आहेत का? असतील तर प्रत्येक पान उघडून फिल्टर 'ओरिजिनल' करा. बरीच अ‍ॅप्स मूळ फोटो आत ठेवून देतात, फिल्टर नुसता वरून लावलेला असतो. तसं असेल तर नऊच्या नऊ घरी परत जायची वेळच येणार नाही. पण पीडीएफ बाहेर काढून अ‍ॅपमधून डिलीट केलं असेल तर मात्र उपाय नाही, पीडीएफमधे गेलेला शिक्का परत येत नाही.

नौपाडा_ताई

आत्ताच बघितलं. पाच घरांचं अ‍ॅपमधे आहे आणि ओरिजिनल केल्यावर शिक्के आले!!! खूप खूप आभार, खरंच डोळ्यात पाणी आलं. चार घरांचं मी फोनमधे जागा नाही म्हणून उडवलं होतं. म्हणजे चारच ठिकाणी परत जायचंय, त्यात ऐंशीच्या पुढचे ते दोघं नाहीत.

कोर्टनाका_टंकलेखक

माझं आयुष्य कोर्ट नाक्यावर दस्त टाईप करण्यात गेलं, त्यामुळे एक सांगतो जे मोबाईलवर स्कॅन करणारे नव्वद टक्के लोक विसरतात. स्टॅम्प पेपरची मागची बाजू. विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, विक्रीची तारीख, कोणाच्या नावाने घेतला, हे सगळं जुन्या स्टॅम्प पेपरला पाठीमागे असतं. पुढून नुसती किंमत आणि मजकूर. तुमच्या १९८४ च्या करारांना पाठ स्कॅन केली नसेल तर तो स्टॅम्प कोणी कधी घेतला याचा पुरावा फाईलमधे नाही असंच होतं. तसंच नोंदणी झालेल्या दस्तात शेवटच्या पानांच्या पाठीवर अंगठे, फोटो, साक्षीदारांच्या सह्या असू शकतात. कोरी पाठ असली तरी उलटून बघायची. हाताला सवय लावा, पान उलटल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही.

आणि पिन काढू नका, दोरा तर अजिबात सोडू नका. शिवलेला दस्त सोडवून परत शिवला की भोकं डबल दिसतात आणि पुढे कोणी शंका घेतली की उत्तर देत बसावं लागतं. थोडा वेळ जास्त लागू दे पण शिवण तशीच ठेवून स्कॅन करा.

ऐरोली_सेक्टर१५

दोरा न सोडता स्कॅन करायचं तर हातात फोन धरून जमत नाही, एका हाताने पान दाबायचं आणि दुसऱ्या हाताने फोन, मग हात हलतो, बोट येतं, फोनची सावली पडते. मी वडिलांच्या पेन्शनचे कागद केले तेव्हा ही युक्ती सापडली. आपलं डायनिंग टेबल साधारण अडीच फूट उंच असतं आणि प्लास्टिकचं स्टूल दीड फूट. टेबलाच्या काठावर फोन स्क्रीन वर करून आडवा ठेवायचा, कॅमेऱ्याचा भाग काठाबाहेर काढायचा, फोनवर एक जाड पुस्तक वजन म्हणून. खाली स्टुलावर पाट नाहीतर मोठं ताट उपडं ठेवून त्यावर कागद. मधे फूटभर अंतर राहतं आणि लीगल साईझचं पूर्ण पान त्यात बसतं. स्क्रीन वर येते त्यामुळे पुस्तक असं ठेवा की बटण मोकळं राहील, किंवा तीन सेकंदाचा टायमर लावा. दोन्ही हात पानं सांभाळायला मोकळे. मी एका बैठकीत शंभराच्या वर पानं केली आणि कंबर पण धरली नाही.

उजेड खिडकीचा, बाजूने. डोक्यावरच्या ट्यूबचा नको, फोनची सावली बरोबर पानाच्या मधे पडते. फ्लॅश कधीच नाही, लॅमिनेशन केलेल्या कागदावर तर मधोमध पांढरा डाग येतो. आत्ता पावसाळ्यात दुपारी पण अंधारून येतं, तेव्हा डावी उजवीकडे दोन टेबल लॅम्प सारख्या उंचीवर ठेवा.

मेगापिक्सेलचं पण सांगतो कारण लोक उगाच घाबरतात. लीगल पान म्हणजे साडेआठ बाय चौदा इंच. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेल. पान फ्रेम भरून घेतलं तर ४००० भागिले १४, म्हणजे २८५ डीपीआयच्या (एका इंचात तेवढे ठिपके) आसपास, थोडी कड सोडली तरी अडीचशे. वाचायला आणि प्रिंटला भरपूर झालं. म्हणजे साधा फोन पण पुरतो, अट एकच, पान फ्रेम भरून आलं पाहिजे. लांबून फोटो काढून मग क्रॉप केला की तो हिशोब बोंबलला.

घोडबंदर_कासारवडवली

पण अ‍ॅप कुठलं वापरायचं ते कोणी सांगत नाहीये. मी आधी कॅमस्कॅनर वापरायचो, आता काय चांगलं?

सानपाडा_स्टेशन

कॅमस्कॅनर २९ जून २०२० ला सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आणली त्यात होतं. त्याच्या आधी ऑगस्ट २०१९ मधे कॅस्परस्कीच्या लोकांना त्याच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधल्या जाहिरातीच्या भागात मालवेअर सापडला होता, तेव्हा गुगलने प्ले स्टोअरवरून काढलं पण होतं. लोकांच्या जुन्या फोनवर अजून दिसतं, कृपा करून त्यात आधार पॅन घालू नका. 

वेगळं अ‍ॅप घ्यायची गरजच नाही खरं तर. अँड्रॉइडला गुगल ड्राइव्हमधे स्कॅनर आहे, कॅमेऱ्याचं चिन्ह दाबलं की पीडीएफ तयार. आयफोनला नोट्समधे २०१७ पासून आहे. अ‍ॅडोबी स्कॅन पण चांगलं आहे, त्यात पानं पुढेमागे करणं, एकेका पानाचा फिल्टर बदलणं सोपं पडतं, पण ते फाईल त्यांच्या क्लाउडवर ठेवतं हे लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्ट लेन्स मला सगळ्यात आवडायचं, पण कंपनीने २०२५ मधे ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांचे जुने स्कॅन फक्त त्यातच पडलेत त्यांनी ते बाहेर काढून घ्या.

नौपाडा_ताई

सगळ्यांचे सल्ले वहीत लिहून घेतेय. अजून दोन अडचणी आहेत. एक म्हणजे काही करार अगदी पातळ कागदावर कार्बन कॉपी आहेत, मागच्या पानाचं अक्षर पुढे दिसतं आणि दोन्ही मिसळून काहीच वाचता येत नाही. दुसरी, हिरव्या लेजर पेपरवरचे करार प्रिंट काढले की अक्षर बारीक होतंय, का?

ऐरोली_सेक्टर१५

पातळ कागदाला सोपा उपाय आहे. ज्या पानाचा फोटो घ्यायचा त्याच्या लगेच खाली काळा कार्डपेपर सरकवा. राम मारुती रोडला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल, लीगलपेक्षा मोठा घ्या. पांढरं काही खाली असलं की उजेड त्यावरून परत वर येतो आणि पाठचं अक्षर उठून दिसतं, काळा कागद तो उजेड खाऊन टाकतो. पान जरा करडं दिसेल पण अक्षर एकच दिसेल. त्याच काळ्या कागदामुळे अ‍ॅपला पानाच्या कडा पण पटकन सापडतात, पांढऱ्या टाईल्सवर पांढरा कागद ठेवला की ते बिचारं शोधत बसतं आणि भलतीकडेच कापतं.

प्रिंट बारीक येतंय कारण लीगल लांबीचं पान अ‍ॅप ए४ मधे कोंबतंय. पेज साईझ लीगल करा नाहीतर ओरिजिनल ठेवा. आणि कडा अ‍ॅपने धरल्या तरी चारही कोपरे स्वतः बघा, खालच्या कोपऱ्यातली बिल्डरची छोटी सही कापली जाते बऱ्याचदा.

बेलापूर_किल्ला

याच विषयातलं विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझ्या सासूबाईंच्या फ्लॅटच्या करारात नावाच्या स्पेलिंगमधे एक अक्षर चुकलंय, आधारवर वेगळं आहे. सिडकोत ट्रान्सफरचे कागद द्यायचेत. स्कॅन केलेल्या पीडीएफमधे एडिट करून ते एक अक्षर नीट करता येतं का, कुठलं अ‍ॅप आहे? नाव त्यांचंच आहे, कोणाला फसवायचं नाहीये.

कोर्टनाका_टंकलेखक

दादा, नका करू. तुमचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, पण दस्त म्हणजे त्या दिवशी जे सही झालं ते. त्याच्या प्रतीत एक अक्षर बदललं की ती त्या दस्ताची प्रत राहत नाही, बनावट कागद होतो. नोंदणी कार्यालयात दस्ताची प्रत ठेवलेली असते, कोणीही तपासलं तर दोन मिनिटात फरक दिसणार आणि मग चुकीच्या स्पेलिंगची छोटी अडचण मोठ्या गुन्ह्याची होणार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पण खोटा दस्त बनवणं आणि तो खरा म्हणून वापरणं हे दोन्ही गुन्हेच आहेत. आणि भोगावं लागेल ते सासूबाईंना, कारण अर्ज त्यांच्या नावाने जाणार.

रीतसर मार्ग अवघड नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं, आधी सिडकोच्या टेबलावर विचारून घ्या. नाहीच चाललं तर चूक दुरुस्ती लेख करून नोंदवायचा, त्याला मूळ करारातल्या दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात.

बेलापूर_किल्ला

समजलं. प्रतिज्ञापत्रच करतो. वेळेवर सांगितलंत, मनापासून आभार.

सानपाडा_स्टेशन

टंकलेखक काकांच्या पोस्टला जोडून. एडिटिंग म्हणजे काय चालतं आणि काय नाही हे डोक्यात पक्कं असू द्या. पान फिरवा, सरळ करा, बाहेरची चादर क्रॉप करा, क्रम लावा, दोन पीडीएफ जोडा, हे सगळं ठीक. पण अ‍ॅपमधे हल्ली खोडरबर असतो, डाग, बोट, पंचची भोकं पुसायला, आजूबाजूचा रंग भरून जागा बुजवतो तो. घरच्या रेसिपीच्या वहीला वापरा, कायद्याच्या कागदाला नको. चहाचा डाग राहू दे. डाग पुसताना त्याच्या खालचा टिंब किंवा स्वल्पविराम गेला आणि रकमेत तो असला तर?

आणि हे फक्त माणसाच्या हातून होतं असं नाही. २०१३ मधे जर्मनीतल्या डेव्हिड क्रिझेल नावाच्या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीची काही मोठी ऑफिस मशीन स्कॅन करताना आकडेच बदलतायत, ६ चा ८ होतोय, आणि पान दिसायला एकदम स्वच्छ! कारण होतं कॉम्प्रेशन. फाईल छोटी करायला मशीन सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होतं. मी ते वाचल्यापासून ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलसाठी फाईल कितीही बारीक करायला लागली तरी नंतर रक्कम, तारीख, क्षेत्रफळ हे तीन आकडे मूळ कागदाशी लावून बघतोच. आणि बारीक करण्याआधीची मोठी फाईल कधीच उडवत नाही.

घणसोली_गावठाण

आमच्याकडे आजोबांची भूसंपादनाची कागदपत्रं आहेत, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी (संपादित जमिनीच्या बदल्यात सिडको देते तो) लागली होती, आणि त्याच गाठोड्यात पणजोबांचे मोडीतले काही कागद. मी मोडीचे कागद वाचून घ्यायला एका जाणकारांना पाठवले तर त्यांनी सांगितलं की ब्लॅक अँड व्हाईट नको, रंगीतच पाठवा. मोडीत हात न उचलता लिहितात, अक्षरं एकमेकांना जोडलेली, बारीक रेघ कुठे तुटली हे फिल्टरमुळे तुटलीय का मुळातच तुटलीय कळत नाही. रंगीत पाठवल्यावर त्यांनी दोन दिवसात वाचून दिलं. आणि मी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं होतं, त्यात पण क्वालिटी गेली. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, म्हणजे फाईल आहे तशी जाते.

स्कॅन करून डिजिलॉकरमधे टाकून ठेवलं तर मूळ कागदासारखं धरतात का?

सानपाडा_स्टेशन

नाही, इथे बरेच लोक चुकतात. डिजिलॉकरमधे दोन कप्पे आहेत. सरकारी खात्याने स्वतः थेट दिलेला कागद, म्हणजे लायसन्स, मार्कशीट वगैरे, त्याला मूळ कागदाचा दर्जा आहे. आपण फोटो काढून अपलोड केलेला कागद हा नुसता साठवलेला, त्याला तो दर्जा नाही. सातबारा हवा असेल तर जुन्या सातबाराचा स्कॅन ठेवण्यापेक्षा महाभूमीवरून (सरकारच्या भूमी अभिलेखाच्या साईटवरून) १५ रुपयात डिजिटल सहीचा काढा. तुमचे आजोबांचे कागद मात्र जपायचेच, स्कॅन झाला म्हणून मूळ कागदाकडे दुर्लक्ष नको.

खारीगाव_सून

मी वाचत होते नुसती, पण एक कळकळीने सांगायचंय. ताई तुम्ही २४ घरांचे आधार, पॅन, सह्या स्वतःच्या फोनवर घेताय. फोन त्यांची कॉपी आपोआप क्लाउडच्या फोटोंमधे टाकतो, आणि ते घरातल्या सगळ्यांच्या टॅबवर पण दिसतं. आमच्या सोसायटीत असंच एकाचं आधार ग्रुपवर चुकून गेलं होतं, त्या आजी महिनाभर बँकेत फेऱ्या मारत होत्या. आधार लागतंच असेल तर सभासदांना यूआयडीएआयच्या साईटवरून मास्क्ड आधार काढून द्यायला सांगा, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. फोनमधल्या मार्करने नंबरवर काळी रेघ मारून पाठवू नका, काही मार्कर अर्धपारदर्शक असतात, ब्राईटनेस वाढवला की खालचा नंबर वाचता येतो. आणि काम झालं की स्कॅन सोसायटीच्या पेनड्राइव्हवर घेऊन फोनवरून काढा, फोनच्या ट्रॅशमधून पण.

घोडबंदर_कासारवडवली

स्कॅनमधला मराठी मजकूर टाईप करून मिळतो का? सोसायटीची जुनी इतिवृत्तं आहेत.

ऐरोली_सेक्टर१५

ड्राइव्हवर पीडीएफ टाकून 'ओपन विथ गुगल डॉक्स' करा, मराठी ओळखतं. छापील मजकूर चांगला येतो. टाईपरायटरचा जुना असेल तर काना मात्रा बघून घ्यायला लागतात. हाताने लिहिलेली इतिवृत्तं सोडून द्या, ती वाचून टाईप करण्यातच कमी वेळ जाईल. आकडे मात्र प्रत्येक वेळी डोळ्याने तपासा.

नौपाडा_ताई

मंडळी, दोन आठवड्यांनी येतेय. २४ पैकी २३ घरं पूर्ण झाली. टेबल, स्टूल, काळा कागद, सगळं तुम्ही सांगितलं तसं, आणि प्रत्येक घरी ते टेबल स्टूल सापडलंच, काही न्यायला लागलं नाही. सगळं रंगीत, ओरिजिनलवर, पान उलटून. स्टॅम्पच्या पाठी घेतल्या त्यात १७ घरांच्या पाठीवर विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख मिळाली जी आधीच्या स्कॅनमधे कुठेच नव्हती, वकील म्हणाले हे फार कामाचं आहे. फाईलची नावं आधी मराठीत दिली होती तर पोर्टलने घेतली नाहीत, मग इंग्रजीत फ्लॅट नंबर, कागद, वर्ष अशी दिली, मधे स्पेस न सोडता.

राहिलं ते ३०२. त्यांनी २००३ मधे रिसेलमधे घेतलेलं घर. माझ्या पहिल्या स्कॅनमधे पानं सलग दिसत होती आणि मी पूर्ण आहे म्हणून खूण करून टाकली होती. आता रंगीत घेतल्यावर प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात नोंदणीचा जांभळा शिक्का दिसायला लागला, त्यात टनन (ठाण्याच्या नोंदणी कार्यालयाचा संकेत), दस्त क्रमांक, वर्ष, आणि खाली पान किती पैकी कितवं ते. १६ नंतर एकदम १८. सतरावं पान मूळ दस्तातच नाहीये, त्या काकांना वीस वर्षांत माहीत नव्हतं. जिथे मोबदल्याच्या रकमेचा हप्ता लिहिलेला असणार तेच पान. ते खूप घाबरले, रात्री मला दोनदा फोन केला.

टंकलेखक काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे नोंदणी कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित नक्कल मिळेल ना? अर्जाला लागणारा दस्त क्रमांक आणि वर्ष त्या शिक्क्यातूनच उतरवून घेतलंय.

कोर्टनाका_टंकलेखक

मिळेल. काकांना सांगा काळजी करू नका, दस्त त्यांचा नोंदलेला आहे म्हणजे सतरावं पान कार्यालयात आहे. दस्त क्रमांक, वर्ष, कार्यालय एवढं हातात असलं की शोध घ्यायला सोपं जातं. काकांना ओळखपत्र घेऊन सोबत आणा, अर्जावर सही त्यांचीच हवी. मी सकाळी अकरापासून नाक्यावर असतो, अर्ज लिहून देतो.

नौपाडा_ताई

सोमवारी अकराला येतो आम्ही दोघं.